थंडी वाजायची थांबते तेव्हा

मराठीत थंडी 'वाजते'. हिंदीत ती नुसती लागते, आपल्याकडे तिचा आवाज होतो. दातांवर दात आपटतात, त्याचाच तो आवाज असावा, अशी माझी कवीची समजूत. आमच्या घरातल्या दखनीनेही ती मराठीकडून उचलली आहे, 'थंडी बजती'. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाने शरीरशास्त्रावर बोलावं का, असं श्रोत्यांना वाटेल. पण एका पहाटे हा विषय आमच्या घरातच आला.

पुण्याची थंडी तशी महिना-दोन महिन्यांची पाहुणी. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात पारा ८-९ अंशांवर उतरला की वर्तमानपत्रांत मथळे येतात. (हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं, म्हणून हे नाव.) १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. तरी बर्फ काही पडत नाही, मग भ्यायचं कशाला, असं मीही म्हणायचो.

शरीर आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राखतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे, तो हा कारभार बघतो. कातडीकडून गारठ्याची वर्दी आली की हातापायांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त आत, काळजाकडे वळतं. बोटं फिकट पडतात ती यामुळे. आत रक्त वाढल्याने मूत्रपिंडांना पाणी जास्त झाल्यासारखं वाटतं, म्हणून थंडीत लघवीला वारंवार जावं लागतं. अंगावर काटा येतो तो आपण केसाळ होतो त्या काळाचा. केस उभे राहायचे, त्यांत हवा अडकायची. केस गेले, काटा राहिला. एवढ्याने भागलं नाही तर स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. तीच हुडहुडी. तान्ह्या बाळाला नीट थरथरता येत नाही, पण त्याच्या मानेपाशी आणि पाठीत तपकिरी चरबी असते, ती जळून ऊब देते. म्हाताऱ्या माणसाजवळ ती चरबी फारशी नसते आणि स्नायूही झडलेले असतात.

अम्मी तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. पहाटे वुजूसाठी उठली, मोरीत पाय घसरला आणि ओल्या शहाबादी फरशीवर पडून राहिली. हाड मोडलं नव्हतं, पण उठवेना. तिची हाक आमच्या बंद दारातून आत आली नाही. तास-दीड तासाने माझ्या बायकोने पाहिलं. ओलं कापड आणि गार दगड अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेतात. उचललं तेव्हा अम्मी कुडकुडत नव्हती. "अब नई बजती रे थंडी," ती म्हणाली. शब्द जड येत होते. मला मात्र हायसं वाटलं!

तीच माझी चूक. आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की धोका सुरू होतो. आणखी उतरलं की थरथर बंद पडते, जीभ अडखळते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. म्हातारपणी तर हुडहुडी मुळातच कमी भरते. आमच्या काचेच्या थर्मामीटरवर खुणा साधारण ३५ अंशांपासून होत्या, पारा तिथवर पोचलाच नाही.

आम्ही चार गोधड्या घातल्या. पण गोधडी स्वतः तापत नाही. तिच्या थरांत कोंडलेली हवा आपलीच ऊब थोपवून धरते. अंगात ऊबच उरली नसेल तर ती काय थोपवणार? मी तळवे जोराने चोळायला लागलो, तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरांनी माझा हात धरला. इतक्या गार पडलेल्या माणसाला हलक्या हाताने हाताळायचं. हिसके बसले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ओले कपडे काढायचे, डोकं झाकायचं, छाती-पोटाशी ऊब द्यायची आणि तडक इस्पितळ गाठायचं. शेजारच्या तात्यांना ब्रँडी आठवली. आमच्या घरात ती मिळणार नव्हती, हे बरंच झालं. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, गरम वाटतं आणि उरलीसुरली ऊबही बाहेर जाते.

अम्मी चौथ्या दिवशी घरी आली. त्यानंतर तिने सहा हिवाळे पाहिले. मोरीत लाकडी पाट आला, उशाशी पितळेची घंटा आली, रात्रीच गरम पाणी थर्मासात भरून ठेवू लागलो. झोपण्यापूर्वी मी विचारायचो, "अम्मी, थंडी बजती क्या?"

"बजती रे," ती कुरकुरायची. मग मी निर्धास्त झोपायला जायचो.