कॅसेटच्या खाचेतून आलेला संगणक

रायपूरच्या आसपासच्या खेड्यांत टीव्ही पोचला तो देशातल्या कित्येक मोठ्या शहरांच्या आधी. १ ऑगस्ट १९७५ रोजी ‘साइट’ हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत शेतीचे, आरोग्याचे आणि शाळकरी मुलांसाठीचे कार्यक्रम उतरू लागले. तेव्हाच्या मध्य प्रदेशाच्या वाट्याची खेडी रायपूर, दुर्ग आणि बिलासपूर भागातली होती. वर्षभराने प्रयोग संपला, पण टीव्ही ही शिकण्याची वस्तू असू शकते ही कल्पना या भागात रुजून गेली. या पडद्याची मर्यादा एकच होती. तो बोलत असे, ऐकत नसे. पुढे ज्या साध्या उपकरणाने त्याला माणसाच्या बोटांचं ऐकायला लावलं, ते म्हणजे टीव्हीला जोडायचा गेम आणि त्याच्या खाचेत बसणारी प्लॅस्टिकची कॅसेट. रायपूरसारख्या शहरातल्या सामान्य घरात शिरलेला पहिला संगणक बहुधा हाच होता, असं माझं म्हणणं आहे. म्हणून त्याच्या कॅसेट भंगारात न जाता अभ्यासाच्या वस्तू म्हणून जपल्या गेल्या पाहिजेत.

या कॅसेटमध्ये फीत नसते. ती उघडली तर आत एक छोटी सर्किटची पट्टी दिसते, तिच्या कडेला सोनेरी किंवा तांबूस दातांची रांग आणि मधोमध एखाददुसरी चिप. त्या चिपमध्ये कायमचा कोरलेला प्रोग्रॅम असतो. कॅसेट खाचेत बसली की चिप थेट यंत्राच्या प्रोसेसरला जोडली जाते. प्रोग्रॅम कुठूनही ‘चढवावा’ लागत नाही, कारण कॅसेट हीच यंत्राच्या स्मृतीचा एक भाग बनते. निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये ‘फॅमिली कॉम्प्युटर’ विक्रीला आणला तेव्हा त्यात काम करायला अवघी २ केबी स्मृती होती. प्रोसेसरला कॅसेटमधला साधारण ३२ केबी प्रोग्रॅम एका वेळी दिसत असे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा खेळ चित्रांसकट ४० केबीत मावला. ‘कॉन्ट्रा’ मात्र १२८ केबीचा होता. तेव्हा कॅसेटमध्येच जादा चिप बसवून, लागेल तसा एकेक तुकडा प्रोसेसरच्या नजरेसमोर सरकवण्याची युक्ती केली गेली. ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ याच मार्गाने ३८४ केबीवर गेला. घरातलं यंत्र तेच राहिलं आणि नवी क्षमता कॅसेटबरोबर येत गेली. कॅसेटला निव्वळ खेळाचं वेष्टन मानणारे नेमकं हेच विसरतात.

त्या काळच्या इतर घरगुती संगणकांकडे पाहिलं की खाचेचं महत्त्व आणखी ठळक होतं. कमोडोरच्या व्हिक-२० मध्ये वापरणाऱ्याच्या हाती जेमतेम साडेतीन केबी स्मृती उरे, म्हणून ३, ८ आणि १६ केबी स्मृतीची कार्ट्रिजं, म्हणजे अशाच खाचेत बसणाऱ्या कॅसेट, विकली जात. १९८१ च्या झेडएक्स८१ मध्ये तर १ केबीच होती. मागे खोचायचा १६ केबीचा ठोकळा इतका सैल बसे की टेबलाला धक्का लागला तरी यंत्र बंद पडून टंकलेलं सगळं पुसलं जाई. तरी लोक तो घेत, कारण त्याच्याशिवाय मोठा प्रोग्रॅम लिहिता येत नव्हता. बीबीसी मायक्रोत आतच रिकाम्या खाचा होत्या. तिथे चिप बसवली की यंत्र लेखनाचं, नाहीतर दुसऱ्या संगणकभाषेचं होई. त्याला बाहेरून दुसरा प्रोसेसर जोडण्याचीही सोय होती. बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीच्या अभियंत्यांनी २६ एप्रिल १९८५ रोजी आपला पहिला ‘आर्म’ प्रोसेसर चालवून पाहिला तो याच वाटेने, त्या यंत्राला जोडून. आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये त्याच घराण्याचा प्रोसेसर आहे. यंत्र विकल्यावरही त्याला अपुरं ठेवण्याची, पुढच्या माणसाला त्यात भर घालू देण्याची ही वृत्ती संगणकाच्या इतिहासात किती फलदायी ठरली, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

हीच बीबीसी मायक्रो भारतातही आली. १९८४ च्या नव्या संगणक धोरणाच्या सुमारास ‘क्लास’ नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुमारे २५० शाळांत सुरू झाला. पंजाबातल्या मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने याच यंत्राची भारतीय आवृत्ती ‘युनिकॉर्न’ या नावाने तयार केली. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने स्पेक्ट्रम या ब्रिटिश घरगुती संगणकाचा परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम’ बाजारात आणला. त्यावर खेळ चढत ते खऱ्याखुऱ्या ध्वनिफितीवरून, मिनिटामिनिटांनी. ब्रिटनमध्ये फीत स्वस्त म्हणून तीच जिंकली; स्पेक्ट्रमसाठी निघालेली कार्ट्रिजं अवघ्या दहा खेळांवर थांबली. आपल्याकडे उलट घडलं. शाळेतला संगणक कुलपात राहिला आणि घरचा संगणक मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर. नव्वदच्या दशकात मात्र तैवानी चिपांवर बनलेली, निन्टेन्डोच्या यंत्राची नक्कल करणारी उपकरणं स्वस्तात मिळू लागली. मीडिया कंपनीच्या ‘लिटल मास्टर’सारखी त्यांची नावं आजही अनेकांना आठवत असतील. अँटेनाच्या जागी वायर खोचली की घरचाच टीव्ही पडदा होई. रायपूर तेव्हा राजधानी नव्हतं, संगणक उद्योगाच्या नकाशावर तर नव्हतंच. अशा शहरात मुलांना खरा, चालता प्रोसेसर हाताळायला मिळण्याचा सर्वांत सोपा मार्ग हा होता.

यावर पहिला आक्षेप येईल की ही खेळणी होती, त्यांना संगणक म्हणणं हा अतिरेक आहे. फक्त उड्या मारणारा मारिओ पाहिला तर तो पटतो. पण याच घराण्यात कळफलकाची यंत्रंही निघाली. निन्टेन्डोने १९८४ मध्ये ‘फॅमिली बेसिक’ काढलं होतं, म्हणजे कळफलक आणि बेसिक भाषा असलेली कॅसेट. नक्कल करणाऱ्यांनी कळफलक यंत्रातच घातला, कॅसेटमध्ये बेसिक, टायपिंगचा सराव, गणिताचे खेळ भरले आणि ते ‘शिकण्याचा संगणक’ म्हणून विकलं. चीनमध्ये अशा यंत्रांवर एक पिढी टंकन शिकली. भारतीय बाजारातही ती येत राहिली. २००८ मध्ये डेरेक लोमास या अमेरिकी संशोधकाच्या पुढाकाराने ‘प्लेपॉवर’ प्रकल्प उभा राहिला तो याच विचारातून, की बारा डॉलरच्या आसपासचं हे यंत्र टीव्ही असलेल्या गरीब घरात शिक्षणाचं साधन होऊ शकेल. त्यातून मोठी क्रांती झाली नाही, हे खरं आहे. या यंत्रांत लिहिलेला प्रोग्रॅम बहुतेकदा यंत्र बंद करताच नाहीसा होई, आणि शिकवणारं कुणी नव्हतं. पण ते अपयश यंत्राच्या शक्तीचं नव्हतं. प्रोसेसर, भाषा, कळफलक, पडदा, सगळं त्या घरात हजर होतं.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: हा सारा चोरीचा माल, त्याचा गौरव कशाला? चोरी झाली, यात शंका नाही. लाखो खेळ असल्याचा दावा करणाऱ्या कॅसेटवर प्रत्यक्षात मोजकेच खेळ असत. तेच खेळ वेगळ्या टप्प्यापासून किंवा जास्त ‘लाइफ’ देऊन पुन्हा पुन्हा यादीत घातलेले असत. मूळ निर्मात्यांना त्यातून छदामही मिळाला नाही, आणि तो अन्याय झाकण्याचं कारण नाही. पण जतन म्हणजे गौरव नव्हे. शिवाय ही नक्कल आंधळी नव्हती. जपानी टीव्हीवर या खेळांचं एक चित्र २६२ रेषांचं असतं, आपल्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ३१२. निन्टेन्डोने युरोपसाठी केलेल्या पाल यंत्रात जपानी खेळ संथ होत, काही बिघडत. तैवानच्या यूएमसी या चिप कंपनीच्या अभियंत्यांनी जादा ५० रेषांचा वेळ अशा जागी ढकलला की खेळाला आपण जपानी यंत्रावरच चालतोय असं वाटावं, आणि प्रोसेसरचा वेगही जवळपास मूळच्याइतका ठेवला. एका पद्धतीच्या देशातलं सॉफ्टवेअर दुसऱ्या पद्धतीच्या देशात न बदलता कसं चालवायचं, हा खरा अभियांत्रिकी प्रश्न होता आणि त्यांनी तो सोडवला. पालच्या जगात, आपल्यासकट, हे खेळ इतके दूरवर पसरले त्यामागे हे काम आहे. ते कुणाच्या नावावर नाही म्हणून नोंदवायचंच नाही, असं करता येत नाही.

तिसरा आक्षेप सोयीचा आहे. सगळे खेळ आता मोबाइलवरही चालतात, मग जुनी कॅसेट हवी कशाला? जे चालतात ते बहुधा मूळ जपानी आणि अमेरिकी खेळ. इथे विकल्या गेलेल्या कॅसेटमधल्या बदललेल्या आवृत्त्या, त्यांच्या याद्या, कळफलकाच्या यंत्रांबरोबर आलेले टंकनाचे धडे यांतलं काय टिकलंय हे एकेक कॅसेट वाचल्याशिवाय कळणार नाही. आणि वेळ थोडा आहे. कारखान्यात कोरलेली चिप दीर्घकाळ टिकते, पण स्वस्त कॅसेटमध्ये कधी कधी विद्युतभाराने लिहिलेल्या चिपा असतात. त्यांचा भार वर्षांगणिक झिरपत जातो आणि काचेच्या खिडकीवरची पट्टी निघाली तर उन्हानेही माहिती पुसली जाते. ज्यांत गुण साठवायला बॅटरी असते, तिथे ती गळून पट्टी खाते. रायपूरचा कडक उन्हाळा आणि पाठोपाठचा दमट पावसाळा माळ्यावरच्या अशा वस्तूंना मानवत नाही. फुंकर मारून कॅसेट चालू करण्याची सवय तर सर्वांचीच होती. खरा फायदा काढून पुन्हा बसवण्याचा होई, फुंकरीतल्या ओलाव्याने दात गंजतच गेले.

कायद्याची अडचण मात्र खरी आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ बिगरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवू देतं, पण ग्रंथालयाकडे त्या कृतीची ‘डिजिटल नसलेली’ प्रत असेल तरच. ही तरतूद पुस्तकं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली दिसते. जन्मतःच डिजिटल असलेली कॅसेट तिच्यात सरळ बसत नाही. ही ओळ बदलली पाहिजे, आणि ती मागणी ग्रंथालयांनी व संग्रहालयांनी करायला हवी. तोवर वस्तू म्हणून कॅसेट गोळा करायला, तिची छायाचित्रं आणि वर्णन नोंदवायला कुणाची आडकाठी नाही.

रायपूरला हे काम परकं वाटू नये. इथलं महंत घासीदास संग्रहालय १८७५ चं आहे. मराठीभाषक माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं, पुढे टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं. त्यांच्या नावाची शाळा रायपुरात आहे. त्यांच्याच नावाने १९८४ मध्ये भोपाळला वृत्तपत्रांचं संग्रहालय सुरू झालं. ज्या कागदांची रद्दी व्हायची, तेच तिथे आता संशोधकांचं साधन आहे. संग्रहालय, अभियांत्रिकी महाविद्यालयाचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि महाराष्ट्र मंडळासारख्या संस्था यांनी मिळून जुन्या घरांतून कॅसेट मागवल्या, तर खर्च फार येणार नाही. कॅसेट वाचणारं साधं उपकरण विद्यार्थीही बनवू शकतात. दात पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस पुरतो. कॅसेट उघडण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत, आतल्या पट्टीचे वेगळे, आणि कुठल्या घरातून, कुठल्या वर्षी घेतलेली हे सांगेल त्याच्या शब्दांत लिहून ठेवावं. जुनं स्टिकर खरवडून काढू नये. त्यावर दुकानाचा शिक्का किंवा पेनाने लिहिलेली किंमत असेल, तर त्या शहरात काय विकलं जात होतं याचा लेखी पुरावा बहुतेक वेळा तेवढाच असतो.