संगणक बिघडला, बोलवायचं कुणाला?

मागच्या पावसाळ्यात इंटरनेटवर एक जुनी गझल शोधत बसलो होतो. एकाएकी पडदा लाल झाला, भोंगा वाजू लागला. संगणक बंद पाडण्यात आलाय, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा, असा मजकूर आणि वर मायक्रोसॉफ्टचं बोधचिन्ह. घाबरून फोन केला. पलीकडचा गृहस्थ मोठ्या अदबीनं म्हणाला, "अंकल, एक छोटं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, मी इथूनच दुरुस्त करतो." तेवढ्यात मुलगी धावत आली. "अब्बा, फोन ठेवा आधी!"

मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, हे तिनं मला तेव्हा सांगितलं. तो लाल पडदा म्हणजे साधं वेबपान. ऑल्ट आणि एफ ४ ही बटणं एकत्र दाबली की बहुधा जातं. एनीडेस्कसारखं सॉफ्टवेअर परक्याच्या सांगण्यावरून घेतलं, तर आपला माऊस त्याच्या हाती जातो. त्यात पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० वर तक्रार करायची.

पण माझा खरा घाटा झाला तो घरी आलेल्या माणसामुळे. "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल," तो म्हणाला. मी म्हटलं, मारा. डेस्कटॉपवरच्या साऱ्या कविता गेल्या, कारण डेस्कटॉप सी ड्राइव्हवर असतो आणि पुसला जातो तो तोच. पेन ड्राइव्हमधल्या काही उरल्या, त्या उघडल्या तर नुसती अगम्य चिन्हं! माझंच लिहिणं मला वाचता येईना. कविता शाबूत होत्या, गेला होता तो जुना मराठी फॉन्ट. तो पुन्हा टाकल्यावर अक्षरं परतली. तेव्हापासून मी युनिकोडमध्येच लिहितो.

कंपनीच्या मदतकेंद्राचा नंबर वॉरंटी कार्डावरून घ्यावा. इंटरनेटवर शोधला तर वर दिसणारी जाहिरात भामट्याचीही असू शकते. दुरुस्तीवाल्याला आधी बिघाड काय नि खर्च किती ते विचारावं, बदललेला जुना भाग परत मागावा. "नवाच घ्या," असं तो म्हणाला तर लगेच चिडू नये. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बऱ्याच जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. मात्र अशा यंत्रावर फुकटातलं लिनक्स चालू शकतं, हेही त्यानं सांगायला हवं.

हल्ली आमच्या मोहल्ल्यातलाच एक पोरगा येतो. स्क्रू-ड्रायव्हर काढण्याआधी विचारतो, "चाचा, कवितांची कॉपी काढलीय ना?"