स्पॅनिशची पहिली पायरी

"इंग्रजीच धड येत नाही, तिथे स्पॅनिश कुठून येणार?" मराठी शाळेत शिकलेली आपली मुले-मुली असे सहज म्हणून जातात. ही भीती कितपत खरी आहे? पहिल्या पायरीवर नेमके काय शिकवतात ते पाहू या.

परकी भाषा शिकण्याच्या सहा पायऱ्या युरोपीय परिषदेने २००१ साली जाहीर केल्या. त्यातली पहिली 'ए-१'. येथे कोणी पांडित्य मागत नाही. आपले नाव, गाव, वय आणि काम सांगणे, घरच्या माणसांची ओळख करून देणे, वेळ किंवा किंमत विचारणे, साधी पाटी वाचणे, एवढे जमले की झाले. समोरच्याने सावकाश बोलावे, ही सवलतही असते.

सुरुवात २७ अक्षरांपासून होते. स्वर पाचच, आणि प्रत्येकाचा उच्चार जवळजवळ ठरलेला. त्यामुळे इंग्रजीसारखी स्पेलिंगची घोकंपट्टी फारशी नाही. 'एच' मुका असतो, म्हणून अभिवादनाचा शब्द 'ओला' असा उच्चारतात. 'त' आणि 'द' तर आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणायचे.

मग व्याकरण. नामांना लिंग असते, पण दोनच. आपण तर तीन सांभाळतो! जवळच्या माणसाला 'तू' आणि मान द्यायचा त्याला 'उस्तेद', हा भेद आपल्याला घरातूनच ठाऊक असतो. 'मे गुस्ता एल ते' म्हणजे 'मला चहा आवडतो'. पुस्तके अनेक असली की 'मे गुस्तान लोस लिब्रोस', म्हणजे 'मला पुस्तके आवडतात'. जी वस्तू आवडते तिच्याप्रमाणे क्रियापद बदलते, अगदी मराठीसारखे. इंग्रजीच्या वळणाने शिकणारा नेमका इथेच अडखळतो.

अवघड काहीच नाही, असे मात्र समजू नका. आपल्या एका 'आहे'साठी तिथे दोन क्रियापदे आहेत. 'मी परिचारिका आहे' याला 'सोय एन्फेर्मेरा', पण 'मी घरी आहे' याला 'एस्तोय एन कासा'. शिवाय बोलणारा कोण, यावर क्रियापदाची रूपे बदलतात. ती पाठच करावी लागतात. रोज अर्धा तास मोठ्याने म्हणावे, हाच उपाय.

स्पेनच्या 'इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस' या संस्थेचे केंद्र दिल्लीत आहे. 'देले' परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन व संभाषण अशा चारही अंगांची कसोटी लागते. तिच्या प्रमाणपत्राला मुदत नसते. एका पायरीवर नोकरी मिळत नाही, हे खरे. भाषांतराच्या कामाला पुढच्या पायऱ्या चढाव्याच लागतात. पण इंग्रजी कच्चे म्हणून ही वाट बंद, असे समजण्याचे कारण नाही.

आज एक वही काढा. पहिल्या ओळीवर लिहा, 'मे यामो', म्हणजे 'माझे नाव'. आणि पुढे आपले नाव लिहा.