दवाखान्यात जाण्यापूर्वी

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून रांग लागते. वैद्यकीय अधिकाऱ्यास प्रत्येक रुग्णासाठी थोडाच वेळ देता येतो. या अल्प वेळात निदानाची दिशा ठरावयाची असते आणि तिचा पहिला आधार म्हणजे रुग्णाने सांगितलेली माहिती होय. ती अपुरी असल्यास खेपा वाढतात. प्रसंगी उपचारही चुकतात.

"रोज एक लाल गोळी घेतो," एवढ्या सांगण्याने डॉक्टरांना बोध होत नाही. एकाच रंगाची गोळी अनेक रोगांवर असते. रक्ताची गुठळी होऊ न देणारे औषध चालू असल्याचे न सांगितल्यास दात काढल्यावर रक्तस्राव लवकर थांबत नाही. गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांमुळे मूत्रपिंडास इजा पोहोचू शकते. म्हणून घेत असलेली सर्व औषधे, आयुर्वेदिक काढे व चूर्णेदेखील, वेष्टणासह एका पिशवीत न्यावीत. सोबत जुने केसपेपर व तपासणी अहवाल असावेत. पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पुरळ आले असल्यास अथवा श्वास कोंडला असल्यास ते आवर्जून सांगावे. स्त्रियांनी गर्भारपणाची शक्यता मुळीच लपवू नये. काही औषधे व क्ष-किरण तपासणी गर्भास अपायकारक ठरू शकतात.

दुखणे केव्हा सुरू झाले, कशाने वाढते, हे कागदावर टिपून ठेवावे. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला क्षयाचा असू शकतो. त्यामुळे दिवसांचा हिशेब महत्त्वाचा असतो. उपाशीपोटी साखर तपासावयाची असल्यास किमान ८ तास काही खाऊ नये, पाणी चालते. त्या सकाळी नेहमीच्या गोळ्या घ्याव्यात किंवा कसे, हे आधीच विचारावे. रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू वर्ज्य करून पाच मिनिटे शांत बसावे.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. या सोयीचा पुरेपूर लाभ पूर्वतयारीनेच मिळेल. ज्यांना लिहिता येत नाही, अशा वडीलधाऱ्यांची टिपणे शाळकरी नातवंडे करू शकतील. शिक्षकांनी ती लिहावयास शिकवावी आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय मांडावा. वहीचे एक पान आणि औषधांची एक पिशवी, एवढ्या तयारीने एखाद्याचे प्राणही वाचू शकतील.