मांजराला आकडी आली तर

आपल्याकडे मांजर सहसा कोणी विकत आणत नाही. एक दिवस ते आपणच येते, चुलीजवळ अंग मुडपून बसते, आणि घरचे होऊन जाते. कोठीतल्या धान्याला उंदीर लागत नाही, मुलांना सोबत होते. असे हे मांजर एखाद्या दिवशी खात नाही, अंग तापलेले लागते, कोपऱ्यात जाऊन बसते. मग अचानक एका कुशीवर पडते आणि पाय झाडू लागते. तोंडाला फेस येतो. डोळे उघडे, पण ते आपल्याकडे बघत नाही. जागच्या जागी लघवी होते. घरातली माणसे घाबरून जातात. कोणी म्हणते, बाहेरचे झाले. कोणी म्हणते, कुणीतरी करणी केली. कोणी म्हणते, पिसाळले, मारून टाका!

पहिल्या दोन गोष्टी खऱ्या नाहीत. तिसरी क्वचित खरी असते. तिच्याबद्दल पुढे नीट सांगू.

आधी हे काय आहे ते पाहू. माणसाला फेफरे येते, तशीच जनावरालाही आकडी येते. मेंदू हा साऱ्या शरीराचा कारभारी. तो अंगाला विजेसारखे बारीक बारीक हुकूम सारखे पाठवीत असतो. आकडीत हे हुकूम एकदम, भलतेच आणि फार जोराने सुटतात. त्यामुळे अंग ताठते, पाय झाडले जातात. त्या वेळी मांजराला शुद्ध नसते. त्याला दुखत असेल असे पाहणाऱ्याला वाटते, पण बहुधा त्याला काही कळत नसते. साधी आकडी एकदोन मिनिटांत आपोआप थांबते. पाहणाऱ्याला मात्र ती दोन मिनिटे दोन तासांसारखी वाटतात. म्हणून पहिले काम हे, की घड्याळ बघायचे.

मग काय करायचं? खरे सांगायचे तर फार थोडे. जवळची पाटी, विळी, तापलेले भांडे बाजूला करावे. मांजर ओट्यावर किंवा जिन्यावर असेल तर ते खाली पडणार नाही एवढे पाहावे. डोक्याखाली पंचा सरकवावा. दिवा मंद करावा, रेडिओ बंद करावा, मुलांना दुसऱ्या खोलीत न्यावे. बस्स. त्याला दाबून धरू नये. तोंडात बोट किंवा चमचा तर मुळीच घालू नये. मांजर जीभ गिळत नाही; ते बोट मात्र फोडून काढते. पाणी, दूध, तेल पाजू नये, कारण बेशुद्धीत ते फुप्फुसात जाते.

आपल्याकडे कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची चाल आहे. त्याने आकडी थांबत नाही. आकडी थांबायची तेव्हाच थांबते, आणि श्रेय चपलेला मिळते! कांदा तर मांजराच्या जवळच नको. तो पोटात गेला तर त्याचे रक्त बिघडते.

आकडी पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली, किंवा एका दिवसात दोनतीन आल्या, तर वेळ घालवू नये. मांजर जाड कापडात गुंडाळून, टोपलीत ठेवून, थेट जनावरांच्या दवाखान्यात न्यावे. आकडी बंद करण्याचे इंजेक्शन तिथे असते, घरी नसते. एकच छोटी आकडी येऊन गेली असेल तर एवढी धावपळ नको, पण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवून आणावे.

आता तापाचे. माणसाचे अंग ९८ अंशांच्या आसपास असते. मांजराचे अंग मुळातच जास्त गरम, साधारण १०० ते १०२ अंश. म्हणून कान गरम लागला की ताप आला असे समजू नये. १०३ च्या वर गेले तर ताप. १०६ ला पोहोचले तर जिवाला धोका. आणखी एक गंमत आहे. आकडीत सगळे स्नायू जोराने काम करतात, त्यामुळेही अंग तापते. म्हणजे तापामुळे आकडी आली, की आकडीमुळे ताप चढला, हे लगेच सांगता येत नाही. मांजर शांत झाल्यावर तासाभराने पुन्हा पाहावे. ताप उतरलेला असेल तर तो बहुधा आकडीचा होता. तसाच राहिला, तर आत दुसरे काही चालले आहे. अंग फारच तापले असेल तर पंजे आणि कान साध्या पाण्याने ओले करावेत, वारा घालावा. बर्फ लावू नये.

इथे एक गोष्ट ठळक सांगतो. घरात तापाची गोळी असते, पॅरासिटामॉल. मुलाला अर्धी देतो, तशी मांजराला पाव द्यावी, असे प्रेमापोटी वाटते. देऊ नये. हे औषध पचवून बाहेर टाकण्याची शक्ती मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. गोळीचा एक तुकडाही त्याचा जीव घेऊ शकतो. अंगदुखीच्या दुसऱ्या गोळ्याही तशाच. ताप काही तासांत मारत नाही, पण ही गोळी मारू शकते.

कारण काय असेल? सर्वांत आधी विषाचा विचार करावा, कारण तिथे वेळेला किंमत आहे. घरात किंवा शेजारी उंदरांसाठी काळी पूड पिठात कालवून ठेवली होती का? ते झिंक फॉस्फाइड. मांजराने ते खाल्ले, किंवा ते खाऊन मेलेला उंदीर खाल्ला, तर ओकारी होते, लसणासारखा वास येतो आणि आकडी येऊ शकते. अशी ओकारी उघड्या हवेत साफ करावी, तिची वाफ माणसालाही बाधते. मीठ पाजून आणखी ओकारी काढू नये. शेतावर फवारणी झाली होती का? कुत्र्याच्या गोचिडांचे औषध मांजराला लावले का? ही चूक शहाणीसुरती माणसेही करतात. कुत्र्याच्या पुष्कळ औषधांत परमेथ्रिन असते. कुत्र्याला ते सोसते, मांजराला सोसत नाही. काही तासांत ते थरथरू लागते, आकड्या येतात, अंग तापते. औषधाची पुडी किंवा बाटली दवाखान्यात बरोबर न्यावी. नाव कळले की डॉक्टरांचे अर्धे काम होते.

मांजर व्यालेले असेल आणि पिले अंगावर पीत असतील, तर रक्तातला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडूनही ताप आणि आकडी येते. हे कमी दिसते, पण दिसले तर उपाय चटकन लागू पडतो. बारक्या, उपाशी पिलाच्या रक्तातली साखर उतरते. डोक्याला मार लागलेला असतो. मूत्रपिंड किंवा यकृत बिघडलेले असते. काही आजार जंतूंमुळे मेंदूपर्यंत जातात. त्यांतला एक, मांजराच्या आतड्यातल्या विषाणूने रूप बदलून होणारा, काही वर्षांपूर्वीपर्यंत हमखास जीव घेई. २०१९ नंतर त्यावरही औषध मिळू लागले.

आता पिसाळण्याचे. रेबीज मांजरालाही होतो. मांजराला लस टोचलेली नाही, ते बाहेर फिरते, मागे कुत्र्याने किंवा मुंगसाने चावले होते, आता त्याचा स्वभाव बदलला आहे, आवाज बदलला आहे, ते अंगावर येते किंवा पाय ओढीत चालते, तर संशय घ्यावा. त्याला उघड्या हाताने धरू नये. खोलीत कोंडून डॉक्टरांना बोलवावे. आणि कोणाला चावले, ओरबाडले असेल, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट भरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. मांजराचे काय होते ते पाहू, असे म्हणून थांबू नये. हा रोग एकदा उमटला की माणूस वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो.

हे सगळे पाहूनही कधी कधी कारण सापडत नाही. आमच्या माहितीतल्या एका घरी असेच झाले. मांजर तीन वर्षांचे, विष नाही, मार नाही. दर दहाबारा दिवसांनी आकडी, दोनदा तापही होता. डॉक्टरांनी रक्त तपासले, साखर पाहिली, सगळे ठीक. घरच्या आजी म्हणाल्या, "अहो डॉक्टर, रोगाचं नाव नाही, तर औषध कसलं देणार?" डॉक्टर म्हणाले, "आजी, पाऊस का पडतो ते कळलं नाही, तरी आपण छप्पर शाकारतोच ना? नाव पुढं सापडेल. आकड्या मात्र आजच कमी करायच्या." मग त्यांनी घरच्यांना वही घालून दिली. तारीख, वेळ, किती मिनिटे, आधी काय खाल्ले, ताप किती, नंतर किती वेळ भेलकांडत होते. नातवाने मोबाइलवर आकडीचे चित्रण केले. ते पाहून डॉक्टरांना तोंडी वर्णनापेक्षा जास्त कळले, कारण आकडी दवाखान्यात सांगून येत नाही.

आकडीनंतर मांजर काही वेळ आंधळ्यासारखे भिंतीला धडकते, ओळखत नाही, कधी खूप भूक भूक करते. तेव्हा त्याला उचलून कुरवाळू नये. घाबरून ते चावते. पूर्ण सावध झाल्यावर पाणी द्यावे, मग थोडे खाणे. तापात दोन दिवस काहीच खाल्ले नाही तर पुन्हा दाखवावे. उपवास मांजराच्या यकृताला झेपत नाही, लठ्ठ मांजराला तर नाहीच.

गावात जनावरांचा दवाखाना लांब असेल तर फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ या क्रमांकावर विचारता येते. आकड्या वारंवार येत असतील तर डॉक्टर बहुधा फेनोबार्बिटोनची गोळी रोज, ठरल्या वेळी द्यायला सांगतात. सुरुवातीला मांजर थोडे झिंगल्यासारखे चालते, भूक वाढते. ते काही दिवसांत कमी होते. मधूनमधून रक्त तपासून गोळीचे प्रमाण ठरवावे लागते. महिनाभर आकडी आली नाही, आता बरे झाले, असे म्हणून गोळी एकदम बंद केली, तर आकडी पहिल्यापेक्षा जोराने उलटते. कमी करायची ती डॉक्टरांना विचारून, हळूहळू. ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि तालुक्याच्या दुकानात ती नेहमी शिल्लक असतेच असे नाही. म्हणून डबीत आठ दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढच्या आणायला निघावे.