मनीच्या पोटात जंत येतात कुठून?

मैत्रिणींनो, गेल्या श्रावणात माझी धाकटी नणंद पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली. सातवा महिना सरलेला. दुसऱ्याच दिवशी तिची हाक आली, "वहिनी, हे बघा काय!" आमची मनी झोपते त्या गोधडीवर तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे पडले होते आणि त्यातला एक चक्क वळवळत होता! सासूबाईंनी निकाल दिला, "आजच्या आज हिला पोत्यात घालून लांब सोडून या." लेकीने मनीला घट्ट धरून भोकाड पसरलं.

मी मनीला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "ताई, हिच्या अंगावर पिसवा आहेत का?" मला नवल वाटलं. जंत पोटात आणि चौकशी पिसवांची! ते म्हणाले, "हे पट्टकृमीचे तुकडे. त्यातली अंडी पिसवांच्या अळ्या खातात. पुढे मांजर अंग चाटताना पिसू गिळते, की जंत पोटात." म्हणजे नुसती जंताची गोळी देऊन भागत नाही. पिसवा राहिल्या की पहिले पाढे पंचावन्न! गोधडी कढत पाण्यात धुतली, कानाकोपरा झाडला. पिसवांचं औषध डॉक्टरांनीच दिलं. कुत्र्याचं औषध मांजरीला परस्पर लावू नका, ते विषारी ठरू शकतं.

गोलकृमींची वाट वेगळी. पिल्लांना ते आईच्या दुधातूनच मिळतात, मोठ्या मांजरांना मातीने माखलेले पंजे चाटून नाहीतर उंदीर खाऊन.

नणंदेच्या दृष्टीने खरी काळजी टॉक्सोप्लाझ्माची. हा डोळ्यांना न दिसणारा परजीवी. उंदीर, पाखरं, कच्चं मांस यातून तो मांजरीला लागतो आणि मग काही दिवस तिच्या विष्ठेतून बाहेर पडतो. गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर पोटातल्या बाळाला धोका. पण विष्ठेतून पडल्यावर त्याला लागण करण्याजोगं व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून मनीची मातीची पाटी रोजच्या रोज मीच साफ करायची, नणंदेने हात लावायचा नाही, असं ठरलं. तिच्या डॉक्टरीणबाईंच्या कानावरही घातलं. अर्धकच्चं मटण आणि न धुतलेली भाजी यातूनही हा रोग होतो, हे त्यांनीच बजावलं.

घटस्थापनेच्या सुमारास नणंदेला मुलगी झाली, दोघी सुखरूप. बारशाला मनी दारातच बसली होती. आणि सासूबाई? आता शेजारणीचं मांजर दिसलं की विचारतात, "काय गं, पिसवा बघितल्यास का त्याच्या अंगावर?"