आईची काटकसर आणि पर्यावरण

माजिवड्यात आमचे बालपण एका खोलीत गेले. आईचे सुती लुगडे विरले की त्याची गोधडी होई. गोधडी फाटली की पायपुसणे, आणि शेवटी लादी पुसायचे फडके. तांदूळ धुतलेले पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत जाई. कॉलेजात असताना मला याची लाज वाटे. माझी परीक्षेची फी याच काटकसरीतून भरली जात होती, हे फार उशिरा कळले.

या सवयीला जुना आधार आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात राजा उदेन भदंत आनंदांना विचारतो, "एवढ्या चीवरांचे काय करणार?" मिळालेली चीवरे 500 होती. आनंद सांगतात, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना ती वाटू. जुन्या चीवरांचे पलंगपोस, त्यांच्या गादीच्या खोळी, मग जमिनीवरचे अंथरूण, पायपुसणी, फडकी. आणि शेवटी ती कुटून, चिखलात कालवून जमीन लिंपू.

आज यालाच पर्यावरण रक्षण म्हणतात. एका सुती शर्टामागे, कापूस पिकवण्यापासून, सुमारे 2,700 लिटर पाणी लागते असा अंदाज आहे. कपडा दुप्पट टिकला तर त्या पाण्याची निम्मी बचत होते. राज्यात 2018 साली प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. आईची कापडी पिशवी त्याआधीपासून खुंटीला होतीच.

गरिबी कोणालाच नको, पण तिने शिकवलेली सवय टाकू नये. माझी मुलगी उसवलेला कुर्ता टाकायला निघते, तेव्हा मी तिला आनंदांचे उत्तर सांगतो. विद्यार्थी मित्रांनी नवे घेण्यापूर्वी जुन्याचा पुढचा उपयोग शोधावा, एवढीच विनंती.